मेम्ब्रेन १०० चं, रीडिंग १४५ चं

प्रश्न: १० टक्के सुक्रोजमध्ये (साखरेच्या द्रावणात) बनवलेले लिपोसोम (मेदाच्या पातळ पडद्याच्या सूक्ष्म पिशव्या) १०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट मेम्ब्रेनमधून काढले. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणारी पद्धत) सरासरी व्यास १४५ नॅनोमीटर येतो, पीडीआय (आकार किती कमी-जास्त आहेत याचा आकडा) कधी ०.१, तर कधी ०.३५. मेम्ब्रेन फाटलं असेल का?

उत्तर: फाटलं असतं तर पीडीआय दर वेळी चढाच आला असता. आधी सॉफ्टवेअरमध्ये माध्यम कोणतं निवडलंय ते बघा. बहुधा 'पाणी' असेल. डीएलएस कणाची हालचाल टिपतं, व्यास हा त्यावरून केलेला हिशेब. २५ अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, तर १० टक्के सुक्रोजची साधारण १.१५. सुक्रोजमध्ये कण रेंगाळतो आणि यंत्राला तो मोठा वाटतो. १४५ ला १.३ ने भागा, ११२ च्या आसपास येईल. असल्या मेम्ब्रेनमधून १०० ते १३० येणं नेहमीचंच आहे.

एक तर खरी व्हिस्कॉसिटी भरा, नाहीतर सॅम्पल पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) ५० पट पातळ करा. मग पाण्याचा आकडा चालतो. नुसत्या पाण्यात मात्र पातळ करू नका. आत सुक्रोज असल्यामुळे पाणी आत शिरतं, लिपोसोम फुगतात, काही फुटतात.

पीडीआयचं हेलकावणं हे धुळीचं लक्षण. व्यास दुप्पट झाला की विखुरलेला प्रकाश ढोबळमानाने ६४ पट होतो, त्यामुळे मोजके मोठे कणही सगळं रीडिंग बिघडवतात. पीबीएस ०.१ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, पहिला मिलिलिटर टाकून द्या, त्याच पीबीएसने क्युव्हेट (मोजणीची छोटी कुपी) विसळा आणि सॅम्पल कडेने सोडा म्हणजे बुडबुडे धरणार नाहीत. सॅम्पल स्वतः गाळायचा मोह टाळा: मोठे लिपोसोम फिल्टरवर अडकतात आणि आकडा खोटा देखणा येतो.

लागोपाठ तीन रीडिंग घ्या. व्यास चढत गेला तर कण एकमेकांना चिकटताहेत. उतरत गेला तर फ्रीजमधलं सॅम्पल अजून तापमानाला आलेलं नसेल. थंड द्रव घट्ट, म्हणून सुरुवातीला आकार फुगून दिसतो. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा.

प्रश्न: क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने तेच लिपोसोम ९५ दिसले. खरं कोणतं?

उत्तर: दोन्ही. तिथे प्रत्येक लिपोसोम, लहान असो वा मोठा, एकच म्हणून मोजला जातो, डीएलएसमध्ये मोठ्यांचं वजन जास्त पडतं, शिवाय लिपोसोमवर पेगचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा) थर असल्यास तोही व्यासात धरला जातो. अहवालात पद्धत, माध्यम आणि तापमान आकड्याशेजारीच लिहा.