सायबरवाल्याकडून प्रिंट काढून आणल्यापासून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह उबंटूवर उघडत नाही, तो म्हणतो लिनक्सनेच खराब केला. खरं आहे का?

खरं नाही. त्याला एकच विचारा, जो पेनड्राइव्ह माउंटच झाला नाही, म्हणजे सिस्टीमला उघडताच आला नाही, त्यावर लिनक्सने लिहिलं कधी? हा आरोप मी सहा वर्षं ऐकतोय म्हणून लिहायला बसलो.

आम्ही लालबागचे. चाळीच्या मंडळाचा सगळा हिशोब आमचे खजिनदारकाका एका १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ठेवायचे, वर्गणी, मांडववाला, मूर्तिकाराचे हप्ते, स्मरणिकेच्या जाहिराती, पाच वर्षांचं सगळं, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. सर्वसाधारण सभेच्या आदल्या रात्री ते एका झेरॉक्सच्या दुकानात ताळेबंद करत बसले होते, दुकानवाला शटर ओढायला लागला, फाइल सेव्ह होतेय, पेनड्राइव्हचा लाइट लुकलुकतोय आणि काकांनी तसाच खेचून काढला. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, पण नंतर. साडेअकराला माझ्या दारात, "दोन प्रिंट काढून दे रे." माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट. लावला तर "राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक", म्हणजे आतली मांडणी ओळखता येत नाही अशी एरर. काका तिथल्या तिथे म्हणाले, तुझ्या त्या फुकटच्या सिस्टीमने खाल्ला. दुसऱ्या दिवशी सभेत सगळ्यांसमोर तेच. बाबा त्या मंडळाचे जुने कार्यवाह, ते मान खाली घालून बसलेले मला अजून दिसतात.

मग लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं फिरलो. तिघांचं उत्तर एकच, फॉरमॅट मारा. एकाने तर विंडोजचा तो फॉरमॅटचा डबा आल्या आल्या माउस नेला बटणावर, मी हात धरला त्याचा. क्विक फॉरमॅटने डेटा लगेच पुसला जात नाही हे खरं, पण कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत ही यादीच तो नवीन कोरी लिहितो, मग शोधत बसा.

घरी येऊन डीमेसेज (dmesg, सिस्टीमच्या हार्डवेअरच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघितलं. काही सेक्टरला, म्हणजे साठवणीच्या छोट्या कप्प्यांना, आयओ एरर (वाचता न येणं), बाकी ठीक. म्हणजे पेनड्राइव्ह जिवंत होता. डीडीरेस्क्यूने (उबंटू-मिंटवर पॅकेज जीडीडीरेस्क्यू नावाने मिळतं) पूर्ण इमेज, म्हणजे पेनड्राइव्हची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये, काढायला लावली, कुठवर वाचून झालं ते टिपणारी मॅपफाइल दिली होती म्हणून पहाटे लॅपटॉप बंद पडला तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. मग इमेजची अजून एक कॉपी केली आणि त्या कॉपीवर टेस्टडिस्क हे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं. फॅट३२ या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये बूट सेक्टरची (मांडणीची माहिती असलेला पहिला सेक्टर) एक प्रत साधारण सहाव्या सेक्टरवर ठेवलेली असते. पहिला खराब, सहावा शाबूत. तो पहिल्याच्या जागी कॉपी केला आणि पाचही वर्षांचे फोल्डर समोर! मी बाबांना झोपेतून उठवून दाखवलं.

एकच फाइल गेली होती, काका सेव्ह करत होते तीच. आणि माझ्या लॅपटॉपच्या जर्नलमध्ये (सिस्टीमची नोंदवही) पेनड्राइव्ह लावल्याची पहिली नोंद ११:३४ ची, एररसकट. म्हणजे तो माझ्याकडे बिघडूनच आला होता. लिहिणं अर्ध्यात तोडलं की फ्लॅशमध्ये शेजारचा डेटाही जाऊ शकतो, कारण आतला कंट्रोलर अख्खा ब्लॉक पुसून परत लिहितो. ही नोंद प्रिंट काढून काकांना दिली, त्यांनी घडी घालून खिशात ठेवली, वाचली नाही.

तुमचं म्हणाल तर आधी डीमेसेज आणि एलएसबीएलके (lsblk, जोडलेल्या डिस्क आणि त्यांची साइझ दाखवणारी कमांड) बघा. साइझ ० दिसत असेल तर कंट्रोलर किंवा चिप गेली, सॉफ्टवेअरने काही होणार नाही. एरर -७१ (यूएसबीवरचं बोलणं तुटणं) येत असेल तर दुसरा पोर्ट, डेस्कटॉप असेल तर मागचा. साइझ बरोबर दिसतेय पण उघडत नाही, तर आधी इमेज, बाकी सगळं नंतर. एफएससीके (fsck, दुरुस्तीसाठी डिस्कवरच लिहिणारी कमांड) थेट पेनड्राइव्हवर चालवू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. कधी कधी काही बिघडलेलंच नसतं, एक्सफॅट या फॉरमॅटचा सपोर्ट कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून म्हणजे २०१९ ला आला, त्याआधीच्या उबंटूवर एक्सफॅट-फ्यूज वेगळं टाकावं लागतं. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट असेल आणि विंडोजने नीट बंद न करता सोडला असेल तर तेही माउंट व्हायला नकार देतं, पुन्हा विंडोजला लावून नीट इजेक्ट केलं की बऱ्याचदा चालतो.

हो, एक राहिलं, डीडीरेस्क्यूला लिहायच्या जागी चुकून स्वतःच्या हार्डडिस्कचं नाव (बहुधा एसडीए) देऊन फोर्स लावलंत तर ती जाईल, दोनदा बघा. इमेजला ३२ जीबी मोकळी जागा लागेल, कॉपीला अजून तेवढीच. आणि बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) लावलेला असेल तर वरचं पुरेसं नाही, पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागेलच. डेटा लाखमोलाचा असेल आणि पेनड्राइव्ह गरम होत असेल तर स्वतः प्रयोग न करता रिकव्हरीवाल्याकडे न्या.

डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी इथे टाका, मी बघतो. आणि त्या सायबरवाल्याला विचारा, प्रिंट झाल्यावर त्याने तुमचा पेनड्राइव्ह इजेक्ट केला होता का.