नवीन वर्षासाठी तुमचा वैयक्तिक संकल्प काय? आणि अलीकडे पाहिलेला एखादा संगीतप्रधान चित्रपट कसा वाटला?

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण माझ्याकडे दोन्हींचं उत्तर एकाच रात्री सापडलं.

३१ डिसेंबरला घरातले सगळे साडेदहालाच झोपले. मी कानाला हेडफोन लावून ‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा बघत बसलो. २०१५ च्या दिवाळीत थिएटरात पाहिला होता, तेव्हा महिनाभर त्यातली गाणी गुणगुणत हिंडलो होतो. या वेळी गाण्यांपेक्षा गोष्टच जास्त टोचली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (शेवट सांगत नाही.) विश्रामपूर संस्थानात पंडित भानुशंकर राजगायक आहेत. राजगायकाचा मान म्हणजे एक कट्यार, आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. खाँसाहेब आफताब हुसेन वर्षानुवर्षं पंडितजींकडून हरतात आणि आतून जळत राहतात. शेवटी त्यांची बायको पंडितजींना शेंदूर खायला घालते, पंडितजींचा आवाज जातो आणि खाँसाहेब जिंकतात. मग पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव ठरवतो की खाँसाहेबांना हरवायचं. त्यासाठी त्यांचीच गायकी त्यांच्याच हवेलीत चोरून ऐकून शिकायची.

म्हणजे बघा, दोन माणसं आणि दोन संकल्प. दोन्ही संकल्पांत ‘गाणं’ हा शब्दच नाही, ‘हरवणं’ आहे.

आधी चित्रपटाबद्दलचं मत. संगीत म्हणून मला तो अजूनही फार आवडतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. त्या पदांना हात लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. चित्रपटाचे संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांनी जुनी पदं जवळपास तशीच ठेवली आणि भोवती नवी गाणी बांधली. हा शहाणपणा मोठा. खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवाचा आवाज महेश काळे यांचा, जे स्वतः अभिषेकीबुवांचे शिष्य. ‘अरुणी किरणी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. आणि पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच गातात, त्यामुळे त्यांच्या गळ्याच्या शिरा आणि सूर यांचं नातं खरं वाटतं. अभिनय म्हणून ते जेमतेमच करतात. पण गाताना त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटतं, आणि त्या भूमिकेला तेवढं पुरतं.

या सगळ्यात माझा जीव ‘घेई छंद मकरंद’ या पदावर. शब्द तेच, पण पंडितजींच्या तोंडी ते सालगवराळी रागात येतं, संथ, एकेका सुरावर रेंगाळणारं. खाँसाहेबांच्या तोंडी तेच धानी रागात येतं, चपळ, ताना उधळत जाणारं. दोन घराण्यांमधलं अंतर म्हणजे काय हे समजावायला कुणी तासभर व्याख्यान दिलं असतं तरी जमलं नसतं, ते एका पदाच्या दोन चालींत होऊन जातं. गंमत म्हणजे दोन्ही ऐकल्यावर कोण श्रेष्ठ हा प्रश्नच उरत नाही. नेमका तोच प्रश्न घेऊन गोष्टीतली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात.

तक्रारीही आहेत. राहुल आणि महेश यांच्या संचातला नाटकाचा प्रयोग मी पाहिला होता, आणि त्यातले खाँसाहेब मला जास्त मोठे वाटले होते. चित्रपटात पूर्वकथा इतकी सविस्तर दाखवली आहे की बराच वेळ खाँसाहेब फक्त जळका माणूस म्हणून समोर राहतात. त्यांच्यातला कलावंत उशिरा दिसतो, तोवर बघणाऱ्याने त्यांना खलनायक ठरवून टाकलेलं असतं. खाँसाहेब झालेले सचिन पिळगावकर डोळ्यांनी जरा जास्तच बोलतात. पण गाण्यांवर ओठ आणि हात त्यांनी अचूक बसवलेत, हे मान्य करायलाच हवं. ‘यार इलाही’ ही कव्वाली ऐकायला झकास, पण ती सुरू झाली की गोष्ट बाजूला जाऊन चहा पिऊन येते. एवढं सोडलं तर पुन्हा बघा असंच सांगेन. शक्यतो चांगले हेडफोन लावून बघा, कारण टीव्हीच्या स्पीकरवर तंबोऱ्याची निम्मी गंमत जाते.

आता संकल्प. इथे थोडं लाजिरवाणं सांगावं लागेल.

लहानपणी मी गाणं शिकत होतो. प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, दहावीला क्लास सुटला, तो सुटलाच. माझा एक आतेभाऊ माझ्याबरोबरच शिकायचा, त्याने सोडलं नाही. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात त्याने नाट्यपद म्हटलं. माना डोलल्या, ‘वन्स मोअर’ आला आणि माझ्या पोटात काहीतरी पेटलं. त्या १ जानेवारीला मी मनाशी ठरवलं, पुढच्या समारंभात याच्या वरताण गायचं.

रियाज कसला, नुसती नक्कल होती ती. यूट्यूबवर एक तयार पद लावायचं, त्यातली सगळ्यात अवघड तान निवडायची आणि ती तशीच्या तशी घशातून काढायला बघायचं. तेही मूळ गायकाच्या पट्टीत, जी माझी पट्टी नव्हतीच. तिसऱ्या आठवड्यात घसा असा बसला की फोनवर लोक मला ओळखेनात. मला शेंदूर घालायला कुणाची गरज पडली नाही, ते काम मी स्वतःच केलं. नंतर वर्षभर गाण्याचं नाव काढलं नाही. आतेभावाला यातलं आजतागायत काही माहीत नाही. तो अजूनही भेटला की प्रेमाने विचारतो, “काय रे, गातोस की नाही?”

३१ च्या रात्री सदाशिवाला हवेलीत कान देऊन उभा पाहिलं आणि हे सगळं आठवलं. तो आलेला असतो सूड उगवायला. पण ज्याचा सूड घ्यायचा त्याचं गाणं रोज इतकं मन लावून ऐकायचं, तर त्या माणसाबद्दल नुसता राग टिकणार कसा? आणि चित्रपटातलं नवं गाणं आहे ‘सूर निरागस हो’, त्यात गणपतीकडे काय मागितलंय ते शब्दांतच आहे. मी स्वतः देवाकडे गाण्याबद्दल काही मागितलं असतं, तर आतेभावाच्या वरचा नंबर मागितला असता.

तर या वर्षीचा संकल्प असा: रोज सकाळी वीस मिनिटं तंबोऱ्यासमोर बसायचं. बस, एवढाच. तंबोरा म्हणजे फोनमधला, खरा परवडत नाही आणि जुळवताही येत नाही. पहिली दहा मिनिटं फक्त षड्ज, म्हणजे ‘सा’, आणि त्याच्याखालचे मंद्र सूर, सावकाश, एका श्वासाला एक. उरलेली दहा मिनिटं भूप रागाचे अलंकार, म्हणजे सुरांचे ठरलेले पलटे, नुसत्या ‘आ’मध्ये. लय वाढवायची नाही. रेकॉर्ड करायचं नाही, स्टेटसला टाकायचं नाही, आणि निदान वर्षभर कुणी म्हण म्हटलं तरी म्हणायचं नाही. ही शेवटची अट सगळ्यात अवघड जाणार आहे.

भूपच का? कारण त्यात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, पाचच सूर, सगळे शुद्ध. वाटतं सोपा आहे. पण तेच पाच सूर घेऊन धैवतावर (ध) जोर दिला की सकाळचा देशकार राग होतो, आणि गंधारावर (ग) ठेवला की संध्याकाळचा भूप. म्हणजे सूर माहीत असून उपयोग नाही, कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. सकाळी सात वाजता भूप घोटणं शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे. अलंकारच आहेत, राग गात नाहीये, असं मी स्वतःला समजावतो.

नवव्या दिवशी एक गोष्ट घडली, तेवढी सांगतो. मी षड्ज लावून गप्प झालो होतो, फक्त तंबोरा वाजत होता, आणि त्या नादातून गंधार ऐकू आला. कुणी वाजवलेला नाही, तारही त्याची नाही. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची, तार घुमते तेव्हा तिच्या नादातच तो स्वयंभू गंधार असतो, हे लहानपणी गाण्याच्या बाईंनी शंभर वेळा सांगितलं होतं, आणि मी शंभर वेळा “हो, येतोय ऐकू” म्हणून खोटं बोललो होतो. चाळीस उलटल्यावर तो पहिल्यांदा खरोखर ऐकला. मग त्याच्यात माझा गंधार मिळवून बघितला, तर माझा चांगलाच चढा, म्हणजे हवा त्याहून उंच, निघाला.

बाकी किरकोळ संकल्प आहेत. जेवताना फोन बाजूला ठेवायचा, आणि दर महिन्याला एकच राग निवडून तो चार वेगवेगळ्या गायकांकडून ऐकायचा. जानेवारीत अर्थातच भूप. वजनाबद्दल या वर्षी काही बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे. मोडले तरी मराठी माणसाला सोय चांगली आहे: १ जानेवारीचं फसलं तर गुढीपाडवा आहे, तोही गेला तर दिवाळीचा पाडवा.

टिकेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. हे लिहितोय तेव्हा सतरा दिवस झालेत. त्यातले दोन सर्दीत गेले, आणि एका दिवशी बसलो खरा, पण डोळा लागला आणि तंबोरा एकटाच वाजत राहिला. तो दिवस मी धरला आहे. गंधार अजून चढाच लागतो.