कॉलेजात संगीत विषय घेऊन पुढे पोट भरता येतं का?

तुम्ही विचारलंय की बारावी झाली, सहा वर्षं गुरूंकडे गाणं शिकताय, तर आता बी.ए. संगीतात करावं की पदवी दुसऱ्या विषयात घेऊन गाणं बाजूने चालू ठेवावं? आणि संगीत घेतलंच, तर पुढे काय?

मी गायक नाही. एका महाविद्यालयाच्या संगीत विभागात तबला संगतकार आहे, त्यातली पहिली बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली. संगतकाराचा एक फायदा असतो. प्राध्यापक एकेका वर्गाला शिकवतात, आमच्या समोरून मात्र सगळे वर्ग जातात. प्रथम वर्षाचा घाबरलेला मुलगा आणि एम.ए.ची ऐटीत बसलेली मुलगी, दोघांनाही ठेका मीच धरतो. त्यामुळे कोण पुढे काय झालं हे मला बऱ्यापैकी ठाऊक असतं.

आधी एक हिशेब मांडतो. आमची तासिका 50 मिनिटांची. तंबोरे जुळवून, तबला सुरात लावून होईपर्यंत 10 मिनिटं जातात. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, साधारण मिनिटभराचं, म्हणजे उरली 40 आवर्तनं. वर्गात 14 मुलं असली तर एकेकाच्या वाट्याला तीनसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात यमन रागाचा गंधार नीट लागत नाही, बढत (रागाचा सावकाश विस्तार) तर लांबच. तेव्हा कॉलेज मला मैफलीचा गायक करील या आशेने येणार असाल तर येऊ नका. गुरू सोडू नका. विभागात आल्यावर गुरूंकडे जाणं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षी त्यांचं गाणं पहिल्या वर्षी होतं तिथेच असतं, फक्त रागांची यादी वाढलेली असते.

यात विभागाचा दोष आहे असं मला वाटत नाही. वर्गात संगीत शिकवायची पद्धत मुळात एक उस्ताद घडवण्यासाठी निघालेलीच नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. घराण्यांच्या दाराआड असलेलं गाणं चार लोकांच्या मुलांपर्यंत पोचावं हा त्यामागचा हेतू. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत लिहून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून आणल्या, त्या याच खटपटीतून. ही स्वरलिपी मुलांना फार कंटाळवाणी वाटते. पण माझ्या पाहण्यात सगळ्यात लवकर कमवायला लागलेली एक मुलगी केवळ स्वरलिपीवर कमवायला लागली. गळा बेताचाच होता, पण एकदा ऐकलेली चाल ती मात्रेसकट कागदावर उतरवायची. आधी एका संशोधकाचं जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बंदिशी लिहून काढायचं काम मिळालं, मग एका संगीतकाराकडे कोरसला गाणं बसवून द्यायचं. आज ती स्वतः चाली करते.

आता तुमचा खरा प्रश्न, पोटाचा. एखाद्या मैफलीत गाणाऱ्याकडे न बघता बाकीच्यांकडे बघा. पेटीवर कोणी आहे, तबल्यावर कोणी, मागे तंबोऱ्यावर दोघं, ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरवर एक, निवेदनाला एक. बिदागी एकट्या गायकाला मिळत नाही. आणि गायक दर कार्यक्रमाला बदलतो, पेटीवाला बऱ्याचदा तोच असतो! ज्या पेटीला आकाशवाणीने 1940 मध्ये दार बंद केलं आणि ते उघडायला तीसेक वर्षं लावली, ती आज ज्याला सफाईने वाजवता येते त्याला विभागात पहिल्या वर्षापासून विचारणा होते. गायन घेतलंत तरी पेटीला हात घाला. साथीला बसायची लाज बाळगू नका. गायकाच्या शेजारी बसून, तो पुढे काय घेणार याचा अंदाज बांधत जे शिकता येतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

कथकचं तर विचारूच नका. नृत्याचे वर्ग आज जागोजागी आहेत, त्यांच्या परीक्षा असतात, कार्यक्रम असतात, आणि प्रत्येकाला तबलजी व लेहरा (ताल दाखवणारी, फिरून फिरून वाजणारी सुरावट) धरणारा लागतो. एकच ओळ, 16 मात्रांची, तासभर, लय तसूभर न हलवता वाजवायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आमच्याकडचा एक विद्यार्थी दोन वर्षं फक्त लेहरा वाजवत होता, मित्र चेष्टा करायचे. त्याने त्यातून शिक्षणाचा खर्च काढला आणि लय अशी पक्की झाली की आता कोणत्याही गायकाबरोबर निर्धास्त बसतो.

दुसरी वाट नाटकाची. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत नाटकवाली मुलं संगीत विभागाच्या दारात घिरट्या घालतात. ‘इथे जरा उदास काहीतरी पाहिजे’ अशा भाषेत त्यांची मागणी असते. आमचे काही प्राध्यापक याला वेळ घालवणं समजतात. मला ते पटत नाही. मारवा राग वर्गात शिकणं वेगळं आणि एक पात्र दार लोटून निघून जातं त्या वीस सेकंदांत मारव्यातला कोमल रिषभ कुठे सोडायचा हे ठरवणं वेगळं. इथून निघालेले जे दोघंतिघं आज मालिका, जाहिराती, माहितीपट यांना संगीत देतात ते सगळे या तालमींतून गेलेले आहेत. त्यांना काम देणारा दिग्दर्शकही बहुतेक वेळा तेव्हाच शेजारी बसलेला मुलगा असतो.

तसंच ध्वनिमुद्रणाचं. आम्ही ‘तानसेन नाही तर कानसेन तरी’ असं गमतीने म्हणतो, पण कानसेनांना स्टुडिओत पगार मिळतो. गायक अर्ध्या श्रुतीने उतरला हे पडद्यावरच्या आलेखाआधी ज्याच्या कानाला कळतं आणि संकलन करताना काप समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कुठे द्यायचा हे ज्याला सांगावं लागत नाही, असा माणूस ध्वनिमुद्रकाला हवाच असतो. तंत्र वर्षभरात शिकता येतं. कान तयार व्हायला काय लागतं ते तुम्हाला सहा वर्षांत कळलं असेलच.

संगीत देण्याच्या वाटेला जाणार असाल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. आमच्या एका मुलाने पहिल्या शीर्षकगीताच्या आनंदात निर्मात्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली. पुढे गाणं कुठे कुठे वाजलं, याच्या हाती काही आलं नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला प्रताधिकार कायदा चित्रपटातल्या आणि ध्वनिमुद्रित गाण्यांच्या संगीतकार-गीतकारांना रॉयल्टीतला वाटा देतो, आणि तो हक्क नुसत्या कराराने निर्मात्याच्या नावे करून देता येत नाही. पण रॉयल्टी घरी चालत येत नाही. संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं, प्रत्येक रचनेची नोंद करावी लागते. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात श्रुती-स्वरविभाजनाचा इतिहास आहे, करार कसा वाचावा हे नाही.

प्राध्यापकी मनात असेल तर एम.ए.ला 55 टक्के मिळवून (राखीव प्रवर्गांना 50) नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे, पण गाणारी मुलं अडकतात ती पहिल्या सामान्य पेपरात. 50 प्रश्न, 100 गुण. अध्यापन, तर्क, आकडेवारी. तो आधी तयार करा. आणि परीक्षा पास झाल्यावर कायमची जागा वाट बघत असेल असं समजू नका. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं पळणारे नेटधारक मी रोज बघतो. शिकवण्या सगळेच करतात, त्याबद्दल वेगळं काय सांगू.

आकाशवाणीची स्वरचाचणी मात्र शिकत असतानाच द्या. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेण्या आहेत, साथीदारांनाही. मिळणारं मानधन फार नसतं, पण श्रेणी नावापुढे लागली की संयोजक फोन उचलतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयोगटातल्या कलाकारांसाठीची शिष्यवृत्तीही बघा. दोन वर्षं, मी बघितलं तेव्हा महिना 5000 रुपये होते, ताजी जाहिरात वाचून घ्या. यासाठी गुरूंकडे शिकणं चालू असावं लागतं. गुरू सोडू नका म्हटलं त्याचं हे आणखी एक कारण.

तर माझं उत्तर असं: गुरूंकडचं शिक्षण चालू राहणार असेल, आणि तुम्हाला गाण्याच्या आजूबाजूची कामंही खरोखर आवडत असतील, तर संगीतातच बी.ए. करा. डोळ्यांपुढे फक्त मंचाच्या मधली जागा असेल, तर पदवी दुसऱ्या विषयात घ्या आणि वाचलेला वेळ रियाझाला द्या.

प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एक चक्कर मारा. माहितीपत्रक कोणीही सुंदर छापतं. संगतकाराची जागा भरलेली आहे की मुलं मोबाईलच्या ठेक्यावर गातात ते विचारा. दुपारी तासिका संपल्यावर जा आणि खोल्यांना कुलूप लागतं की कोणी रियाझ करत बसलेलं असतं ते बघा. मग एखाद्या तंबोऱ्याची गवसणी काढायला सांगा. तारा गंजलेल्या निघाल्या, तर दुसरं कॉलेज शोधा.