मैदानात मागे स्पीकर लावले की आवाज दुहेरी का येतो? मोठे बँड यावर काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत वर्धापनदिनाला बँड ठेवला आहे. गेल्या वर्षी मागच्यांना ऐकू येईना म्हणून स्टेजपासून 40 मीटरवर दोन जादा स्पीकर उभे केले, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला. शिवाय नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एका मोठ्या कार्यक्रमात वरच्या स्टँडमधून बघताना ड्रमवर काठी आधी पडलेली दिसली आणि ठोका नंतर आला. या दोन्हींचं कारण एकच आहे का?

एकच आहे, आणि साउंडवाल्याने पाच मिनिटं दिली तर सोसायटीतला घोळ सुटतो.

हवेत आवाज 25 अंश तापमानाला सेकंदाला साधारण 346 मीटर जातो. केबलमधून सिग्नल मात्र तत्क्षणी पोचतो. त्यामुळे मागचा स्पीकर आधी बोलतो आणि स्टेजवरचा आवाज 40 मीटर चालत 0.116 सेकंदांनी तिथे येतो. कानाला हे दोन वेगळे आवाज वाटतात. स्टेडियमवर स्टेज एका टोकाला आणि तुम्ही समोरच्या टोकाला वर असाल, तर अंतर सहज दीडशे मीटर होतं, म्हणजे 0.43 सेकंद. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ एक अख्खा ठोका मागे असता. पुढचे आणि मागचे प्रेक्षक एकत्र टाळ्या वाजवायला लागले की ताल फाटतो तो यामुळेच. यू-टू बँड (15 डिसेंबर 2019) असो की कोल्डप्ले (जानेवारी 2025), त्या मैदानावर हे अंतर कुणालाच चुकत नाही.

मोठ्या बँडचं कर्तृत्व आपण अल्बम आणि पुरस्कारांवरून मोजतो. माझ्या मते त्यांनी मैदानातला आवाज ताब्यात आणला, ती कामगिरीही तेवढीच मोठी आहे. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे 55 हजारांहून जास्त लोक होते. हाताशी होते 100 वॉटचे व्हॉक्स अॅम्प्लिफायर आणि स्टेडियमची घोषणांसाठीची यंत्रणा. वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटरही नव्हते. किंचाळ्यांमध्ये सगळं बुडालं. वर्षभराने, ऑगस्ट 1966 मध्ये त्यांनी दौरे कायमचे थांबवले, त्याला हेही एक कारण होतं.

तुमच्या कामाचा प्रसंग 28 जुलै 1973 चा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड, द बँड आणि ऑलमन ब्रदर्स हे तीन बँड ऐकायला सुमारे सहा लाख लोक जमले होते. तिथे स्टेजपासून सुमारे 60, 120 आणि 180 मीटरवर स्पीकरचे मनोरे उभारले आणि त्यांना जाणारा सिग्नल इव्हेंटाइड कंपनीच्या डिजिटल यंत्राने अनुक्रमे 175, 350 आणि 525 मिलिसेकंद रोखून धरला. प्रत्येक मनोरा स्टेजवरचा आवाज त्याच्यापाशी पोचेपर्यंत थांबायचा आणि मगच बोलायचा. आजचे डिले टॉवर, म्हणजे असे सिग्नल रोखून बोलणारे मनोरे, याच हिशोबावर चालतात. 60 ला 0.175 ने भागून बघा, 343 येतात, म्हणजे जवळपास वरचाच आवाजाचा वेग.

आता तुमचं मैदान. स्टेजवरच्या बॉक्सच्या तोंडापासून मागच्या बॉक्सच्या तोंडापर्यंत टेपने अंतर मोजा. पावलांनी नको, तीन मीटरची चूक म्हणजे जवळजवळ 9 मिलिसेकंद. मीटरला 346 ने भागा, हजाराने गुणा. 40 मीटरला 116 मिलिसेकंद येतात. मागच्या स्पीकरला एवढं रोखायचं. त्यात 10 ते 15 मिलिसेकंद मुद्दाम वाढवा, म्हणजे 130 च्या आसपास. कारण आपला कान जो आवाज आधी येतो त्यावरून दिशा ठरवतो. स्टेजचा आवाज किंचित आधी पोचला, तर मागचा स्पीकर शेजारी असूनही माणसाला गायक समोरच गातोय असं वाटतं. ही वाढ 30 मिलिसेकंदांच्या पुढे नेलीत तर ठोके पुन्हा फुटायला लागतात.

डिजिटल मिक्सर असेल तर मागच्या स्पीकरची लाइन वेगळ्या आउटपुटवर घ्या आणि त्या आउटपुटच्या डिलेमध्ये हा आकडा टाका. माइकच्या इफेक्टमधला डिले वेगळा, त्याला हात लावू नका. तो आवाजाचा प्रतिध्वनी करतो आणि गोंधळ वाढवतो. जुना अॅनालॉग मिक्सर असेल तर मध्ये वेगळा डिले प्रोसेसर लागतो, भाड्याने मिळतो. वायर टाकायचा कंटाळा म्हणून ब्लूटूथ स्पीकर ठेवाल तर सगळं फसेल. तो स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो आणि तेही दर वेळी सारखे नाहीत.

तपासायला मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिक-टिक करणारं अॅप) मिक्सरला जोडा आणि मागच्या स्पीकरच्या पुढे पाच-सात मीटरवर उभे राहा. टिक-टिक जोडीने ऐकू आली तर आकडा चुकलाय. एकच, नीट धारदार टिक आली तर जमलं. मग मागच्या स्पीकरचा आवाज इतकाच ठेवा की तो बंद केल्यावर उणीव जाणवावी, पण चालू असताना त्याच्याकडे मान वळू नये. त्यातला 120 हर्ट्झखालचा बेस कापा. बेस स्टेजवरूनच पुरेसा येतो, आणि दोन जागांहून आला की कुठे थडथड तर कुठे पोकळ असा होतो. मागच्या दोन्ही स्पीकरची तोंडं स्टेजवरच्या बॉक्सच्याच दिशेने, म्हणजे स्टेजकडे पाठ करून असावीत. उलटी फिरवलीत तर गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो नकळत संथ होत जातो. मोठ्या बँडचे वादक कानात मॉनिटर घालतात ते यासाठीही.

पुढचेच बॉक्स वाढवले तर? साध्या बॉक्सचा आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने उतरतो. 5 मीटरवरून 40 मीटरवर जाताना 18 डेसिबल जातात. मागच्यांसाठी तेवढे वाढवाल तर पुढच्या रांगेतली आजी-आजोबा मंडळी उठून जातील. स्टेडियमवर केळीच्या फण्यासारखे वाकवून टांगलेले बॉक्स दिसतात, ते ही घसरण कमी करतात, पण सोसायटीसाठी तो खर्च कशाला?

एक गोष्ट घोडबंदर रोडला हमखास नडते. समोर 60 मीटरवर इमारतीचा टॉवर असेल तर आवाज भिंतीवर आपटून 0.35 सेकंदांनी परत येतो, आणि हा प्रतिध्वनी कुठल्याही डिलेने जात नाही. स्टेज अशा बाजूला घ्या की समोर सपाट भिंत नसून झाडं किंवा मोकळी जागा येईल. बॉक्स उंच ठेवून खाली, लोकांच्या डोक्यांकडे झुकवा. स्पीकर लागल्यावरची चाचणी दुपारच्या रिकाम्या मैदानात करून थांबू नका. लोक बसल्यावर भिंतींपर्यंत जाणारा आवाज कमी होतो, तेव्हा मागचा स्पीकर पुन्हा एकदा कानाने बसवा. कार्यक्रम दहाला बंद करायचा असल्यामुळे हे काम साडेसहापर्यंत आटोपलेलं बरं.