दावा लिहिण्याआधी सीमा चालून ये

प्रिय मित्रा,

गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा याच उन्हाळ्यात दाखल करायचा, कागद रात्री बसून मीच तयार करतो, असं लिहिलंयस. तळमळ कळते, पण एकट्याने तो अर्ज भरू नकोस.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल कुणाला दान दिलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पण सरकारदरबारी कधी नोंदलेच न गेलेले हक्क त्याने मान्य केले. जंगलात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय. दाव्याचा जीव वहिवाटीत आहे, आणि ती ठाऊक आहे गावाला.

तेव्हा आधी सीमा चालून घ्या. म्हातारी माणसं, गुराखी, आणि बाया तर हव्यातच. पुरुष डोंगर, नाला, देवाची जागा दाखवतील. कंद कुठे, डिंक कुठला, पावसाळ्यात सात्या (रानातली अळंबी) कुठे उगवतात हे बायांना विचार. मोहाच्या हंगामात झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली दिसेल. कोणतं झाड कुठल्या घराचं, हे लहान पोरही सांगतं. ते लिहून घे, जागेचं गोंडी नाव टाक, जीपीएसची नोंद कर. जाणत्यांचं लेखी निवेदन नियमांनुसार पुरावा धरलं जातं. सोबत निस्तार पत्रकाची, म्हणजे जंगल वापरण्याच्या गावाच्या जुन्या हक्कांच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढ, विदर्भात तो फार मोठा आधार आहे.

शेजारच्या गावालाही चालताना बोलाव. एकाच जागेवर दोन्ही गावांची वहिवाट असेल तर दोन्ही ग्रामसभांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. इथे घाई केलीस तर वनखात्याच्या आधी शेजाऱ्यांचीच हरकत येईल, आणि ती मिटवणं जास्त जड जातं.

ग्रामसभा तेंदूपत्त्याच्या दिवसांत ठेवू नकोस. निम्मे सदस्य हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. सगळं गाव पहाटेच पानं तोडायला गेलेलं असताना गणपूर्ती कुठून होणार?

मेंढा (लेखा) चं उदाहरण तू देतोस, ते पूर्ण बघ. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला. कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारं जंगलातलं उत्पन्न, म्हटलं असूनही विक्रीसाठी वाहतूक परवाना मात्र मिळेना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. गाव टिकलं, कारण देवाजी तोफांसारखी गावाला पुढे नेणारी माणसं आणि निर्णय एकमतानेच घ्यायची सवय तिथे आधीपासून होती. ती सवय तुझ्या गावात आहे का, हे मला दाव्याच्या तारखेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नसेल तर दावा दोन महिने उशिरा गेला तरी चालेल.

हक्कपत्र येईल तेव्हा फोटो काढायच्या आधी ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा. नाव ग्रामसभेचं आहे का, क्षेत्र तुमच्या नकाशाइतकंच आहे का, कायद्यात नसलेली एखादी अट घुसडली आहे का, ते तपासा. त्याआधीच दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीने दावा नाकारला किंवा क्षेत्र कापलं, तर कारणं लेखी माग. त्याविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. निर्णयाचा कागद हातात पडेल त्या दिवशीच त्यावर तारीख टाकून पोच घे, आणि एक प्रत मला पाठव.

तुझा,
काका