वाचकांचे प्रश्न : बाळाची शी आणि दिवसांचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची असून फक्त अंगावरच्या दुधावर आहे. पहिल्या महिन्यात ती दिवसातून पाच-सहा वेळा शी करत असे; आता पाच दिवस, एकदा तर सात दिवस तिला शी झाली नाही. शी होण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ती लालबुंद होऊन कुंथते आणि रडते. झाली की मात्र शी मऊच असते. तिला पाणी पाजावे आणि गुदद्वाराला साबणाची कांडी लावावी, असे घरचे सुचवतात. असे करावे का?

उत्तर : दोन्ही करू नये. आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘शी मऊच असते’ या आपल्याच शब्दांत आलेले आहे. बद्धकोष्ठता दिवसांवरून ठरत नाही. शी कोरडी आहे का, कडक आहे का आणि ती होताना दुखते का, यांवरून ठरते. आईचे दूध बाळाच्या आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषले जाते आणि चोथा फारसा उरत नाही, त्यामुळे साधारण सहा आठवड्यांनंतर अशा बाळाला आठवडाभर शी न होणे हेही निरोगीपणात बसते. मात्र पहिल्या काही आठवड्यांत हाच नियम लावू नये. त्या वयात शी क्वचित होत असेल, तर दूध पुरत नसल्याची शंका घेऊन बाळाचे वजन करून घ्यावे.

राहिले कुंथणे. शी होण्यासाठी पोटाने जोर लावायचा आणि त्याच क्षणी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे, ही दोन कामे एकत्र साधावी लागतात. आडव्या पडलेल्या बाळाला ती जुळवणे अजून जमलेले नसते. रडण्याने पोटातला दाब वाढतो म्हणून ते रडते. हे कसब काही आठवड्यांत आपोआप येते. साबण, तेलाचे बोट किंवा थर्मामीटर घालून शी काढत राहिल्यास गुदद्वाराला इजा होऊ शकते, शिवाय बाळ त्या बाहेरच्या इशाऱ्याचीच वाट पाहू लागते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी लागत नाही. मुलगी नीट पीत असेल, दिवसातून सहा किंवा अधिक लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर आपण निश्चिंत राहावे. (पावडरचे दूध घेणाऱ्या बाळांची शी मुळातच घट्ट असते, तेथे पाणी आणि पावडर यांचे माप डब्यावर दिल्याप्रमाणे काटेकोर पाळावे, अंदाजाने चमचाभर वाढवू नये.)

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवसांनी एकदा, फार मोठी आणि कडक शी होते. शी लागली की तो पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहतो, पाय एकमेकांवर आवळतो आणि ताठ होतो. एवढे कुंथूनही काही होत नाही. गेल्या आठवड्यापासून त्याची चड्डी दिवसातून अनेकदा पातळ शीने खराब होते, म्हणून आम्ही घरातले जुलाब थांबवण्याचे औषध दिले. तो हे मुद्दाम करतो का? डॉक्टरांनी अनेक महिन्यांसाठी रेचक पावडर सांगितली आहे, तिची सवय लागेल अशी भीती वाटते.

उत्तर : जुलाबाचे औषध आजच बंद करावे. हे जुलाब नाहीत. आपला मुलगा कुंथत नाही, तो शी थोपवून धरतो आहे, आणि या दोहोंतला फरक ओळखण्यात बहुतेक आई-वडिलांची फसगत होते. कुंथणारे मूल गुडघे मुडपून खाली बसते. थोपवणारे मूल उभे राहते, पाय आवळते, कोपरा गाठते. माझ्याकडे आलेल्या चार वर्षांच्या एका मुलीला मी विचारले, की तू शीला का जात नाहीस? तिने शांतपणे सांगितले, “ती चावते.” सगळ्या आजाराचे मूळ या दोन शब्दांत आहे. कधीतरी, बहुधा तापानंतर किंवा शी-शूचे वळण लावण्याची घाई झाल्यावर, एकदा कडक शी होऊन दुखते. पुन्हा दुखू नये म्हणून मूल ती आत ठेवते. आत राहिलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेते, ती आणखी मोठी आणि कडक होते, आणि पुढची वेळ पहिलीपेक्षा जास्त दुखते. असे महिनोन्‌महिने चालले की गुदाशय ताणला जातो आणि तो भरल्याची जाणीव बोथट होते. मग अडकलेल्या गोळ्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपत राहते आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. डॉक्टर पोट तपासतात तेव्हा बेंबीच्या खाली हाताला मळलेल्या मातीसारखा गोळा लागतो. त्याचा दाब मूत्राशयावर पडल्याने काही मुले अंथरूणही ओले करू लागतात. तेव्हा मुद्दाम करण्याचा प्रश्नच येत नाही. रागावल्याने भीतीत भरच पडेल.

पावडरीबद्दल. ती मॅक्रोगॉलची असेल, तर तिचे काम शीमध्ये पाणी धरून ठेवण्याचे आहे. ती शरीरात जवळपास शोषली जात नाही आणि तिची सवय लागत नाही. आतडे सुस्तावते ते ताणलेल्या गुदाशयामुळे, औषधामुळे नव्हे. प्रथम काही दिवस मोठी मात्रा देऊन साचलेले मोकळे करतात. या दिवसांत चड्डी अधिक खराब होते, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. त्यानंतर कमी मात्रा निदान दोन महिने, पुष्कळदा त्याहून अधिक काळ चालते आणि सलग महिनाभर शी विनात्रास होत राहिल्यावरच ती हळूहळू उतरवायची असते. आठ दिवस बरे वाटले म्हणून पावडर थांबवणारे पालक मी सर्वाधिक पाहतो, आणि तीच मुले पुन्हा येतात.

जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून त्या वेळी त्याला पाच ते दहा मिनिटे शीला बसवावे. पायांखाली पाट द्यावा. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत, कारण लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. कौतुक बसल्याचे करावे, शी झाल्याचे नव्हे. तो अजून लंगोटातच करू पाहत असेल, तर वळण लावणे काही काळ बाजूला ठेवावे. फळे, भाज्या, डाळी आणि कोंड्यासकट धान्य आहारात असावे. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिऊन त्याची भूक मरत असेल, तर ते कमी करावे. तथापि गोळा अडकलेला असताना केवळ चोथा वाढवून तो निघत नाही, आणि बळेच पाजलेल्या जास्तीच्या पाण्याचाही उपयोग होत नाही.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला वरचे अन्न सुरू करून दोन आठवडे झाले. आता शी खड्यांसारखी होते; काल तिच्यावर लाल रक्ताची रेघ दिसली. गंभीर आहे का?

उत्तर : शीच्या बाहेरच्या बाजूला लागलेली ताज्या रक्ताची रेघ बहुधा गुदद्वाराला पडलेल्या बारीक चिरेची असते; तरीही एकदा डॉक्टरांना ती चीर दाखवून घ्यावी. अंगावरचे दूध चालू ठेवावे, जेवणाबरोबर घोट-घोट पाणी द्यावे आणि नाशपाती, आलुबुखार किंवा पीच कुस्करून भरवावे. या फळांतील सॉर्बिटॉल ही साखर शीत पाणी ओढून ती मऊ करते. मध देऊ नये. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो, आणि त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठता हेच असते. वरच्या अन्नाबरोबरच गाईच्या दुधाचे पदार्थ सुरू केले असतील, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. काही बाळांना त्यातील प्रथिन सोसत नाही.

जन्मानंतरची पहिली काळपट चिकट शी ४८ तासांत झाली होती का, हेही आठवून ठेवावे. ती उशिरा झाली असल्यास हर्शस्प्रुंग आजार तपासतात. यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात आणि तो सुमारे ५,००० बाळांत एकाला असतो. पहिल्याच महिन्यात सुरू झालेली बद्धकोष्ठता, न वाढणारे वजन, फितीसारखी चपटी शी, पायांतला अशक्तपणा किंवा कमरेच्या तळाशी खळगा वा केसांचा झुपका, यांपैकी काही असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणि पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता बाळाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.