मामांचं नाव पेपरात कुठे घालू?

प्रश्न: ताई, मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. सातारा जिल्ह्यातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, उगवणाऱ्या कंदीलपुष्पावरचा माझा पहिला संशोधन पेपर जर्नलला पाठवायच्या तयारीत आहे. सड्यावर गुरं चारणारे एक मामा तीन पावसाळे माझ्यासोबत फिरले. पेपरातल्या पाच जागांपैकी तीन त्यांनीच दाखवल्या. गाईड म्हणतात, ‘स्थानिक ग्रामस्थांचे आभार’ एवढं पुरे. विभागप्रमुख आणि प्राचार्यांची नावं मात्र न विसरता घाल. सासूबाईंनी माझी लेक सांभाळली, त्यांचंही नाव घालावंसं वाटतं, पण मैत्रिणी हसतात. गाईडशी वाद घालायची हिंमत नाही. काय करू?
– एक संशोधक, सातारा

प्रिय मैत्रिणी,

मामांचं नाव जायलाच हवं, आणि नुसतं नाव नाही, त्यांनी काय केलं तेही. ‘स्थानिक ग्रामस्थ’ म्हणजे कोणीच नाही. पाच वर्षांनी कोणी तुझ्या जागा पुन्हा तपासायला निघालं, तर त्या कोणी दाखवल्या हे त्या दोन शब्दांतून कसं कळणार?

एक खरी गोष्ट सांगते. 1955 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत फर्मी, पास्ता आणि उलाम या तीन शास्त्रज्ञांचा एक अहवाल निघाला. संगणकावर भौतिकशास्त्राचा प्रयोग करण्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांत तो गणला जातो. त्यासाठी ‘मॅनिअ‍ॅक’ या संगणकाचा प्रोग्रॅम लिहून गणितं चालवली ती मेरी त्सिंगू या तरुणीने. लेखकांत तिचं नाव नव्हतं. आभाराच्या एका ओळीत मात्र होतं, आणि तिने काय केलं तेही तिथे लिहिलेलं होतं. पुढची पन्नास वर्षं त्या अहवालातला प्रश्न तिघा पुरुषांच्या आद्याक्षरांवरून ‘एफपीयू’ म्हणून ओळखला गेला. 2008 मध्ये थिएरी दोक्स्वा या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने तिचा वाटा पुढे आणला आणि आता बरेच जण चौथं अक्षर जोडून ‘एफपीयूटी’ लिहितात. ती ओळ ‘संगणक विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार’ अशी असती, तर मेरीपर्यंत पोचणं किती अवघड गेलं असतं बघ.

तिच्यावर अन्याय झाला तो मात्र आभारात नाव घातल्याने नव्हे, आभारावरच भागवल्याने. म्हणून तू न विचारलेला प्रश्न मीच विचारते: मामा सहलेखक व्हायला हवेत का? आयसीएमजेई ही वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती. तिचे निकष इतर विषयांतही बरेच जण मानतात. अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात सहभाग. अंतिम रूपाला मान्यता. आणि सगळ्या कामाची जबाबदारी, या चारही गोष्टी लेखकाकडे हव्यात. पहिली गोष्ट मामांकडे बहुधा आहे. आणि ज्याच्याकडे पहिली आहे त्याला उरलेल्या पुऱ्या करायची संधी द्यावी, असंही तीच समिती सांगते. इंग्रजी येत नाही म्हणून माणूस आपोआप बाद होत नाही. एका दुपारी मामांच्या ओसरीवर बस आणि पेपर मराठीत सांग. कुठल्या सड्यावर फूल कधी येतं, ढोरांनी कुठे खाल्लं, कंद कुठे खणले गेले, यावर ते तुझी चूक दाखवतील, भर घालतील. त्यांना लेखक व्हायचं असेल, तर नाव वर घे. ‘पोरी, मला त्यातलं काय कळतं’ म्हणाले, तर आभारात घे, पण नीट.

नीट म्हणजे असं: ‘श्री. अमुक यांनी अभ्यासातील तीन जागा दाखवल्या, फुलोऱ्याच्या वेळांची माहिती दिली आणि तीन हंगाम क्षेत्रनोंदींत मदत केली.’ हे इंग्रजीत तू लिहिशीलच.

पण आधी त्यांची परवानगी घे, शक्यतो लेखी. आभारात नाव आलं म्हणजे त्या माणसाला निष्कर्ष मान्य आहेत असा अर्थ निघू शकतो. शिवाय सड्यावर गुरं नेतो हे छापून आलेलं त्यांना नकोही असेल. वनखात्याची धास्ती असते. नाव आधार कार्डावरचं लिहायचं की गावात हाक मारतात ते, हेही त्यांनाच विचार. आणि गावाचं नाव लिहू नकोस. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती दुर्मीळ आहेत, कंदासाठी खणणारे आणि छंदापायी उपटून नेणारे दोन्ही आहेत. नेमकी ठिकाणं नकाशातून वगळायची आणि आभारात गाव सांगून टाकायचं, असं नको व्हायला.

विभागप्रमुख आणि प्राचार्यांवरून गाईडशी भांडू नकोस. प्रयोगशाळा, सुट्टी, वाहन यांतलं जे त्यांनी खरंच दिलं असेल, त्याबद्दल शेवटी एक वाक्य लिही. गाईडच्या तोंडावर ‘मला हे पटत नाही’ म्हणण्याऐवजी पूर्ण मसुदा मेलने पाठव, मामांचं वाक्य आत घालूनच. सोबत जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना जोड. आभारात कोणाला घ्यावं याबद्दल बऱ्याच जर्नल्सनी लिहिलेलं असतं. लेखनाला एखादं एआय साधन वापरलं असशील, तर ते कुठे नमूद करायचं हेही तिथेच बघ. ‘सर, जर्नलच्या नियमाप्रमाणे असं केलंय’ म्हणायला हिंमत कमी लागते. मामा सहलेखक व्हायला तयार झाले तर मात्र मेल पुरणार नाही. मग समोर बसूनच बोल.

सासूबाईंचं नाव प्रबंधात घाल. तिथे ऋणनिर्देशाला पानभर जागा असते, दोन ओळींत उरकू नकोस. लेक त्यांच्याकडे होती म्हणून तू पावसात सड्यावर होतीस, हे तसंच्या तसं लिही. मैत्रिणींना हसू दे. घरच्यांनी उचललेलं ओझं कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून ते कोणाला दिसतही नाही.

मामांना या आठवड्यातच भेट आणि गाईडना मेल त्यानंतर लगेच कर. पेपर एकदा गेला की लेखकांची यादी बदलायला सगळ्यांची लेखी संमती मागतात, आणि प्रूफ हातात आल्यावर घाईत केलेला बदल संपादकही सहज मान्य करत नाहीत. फेलोशिपचा किंवा अनुदानाचा क्रमांकही मंजुरीपत्र समोर ठेवूनच उतरव.

तुझी,
ताई